चंपीला घेऊन जातेय

आप्पा,

सकाळी मळ्यात जाताना तुम्ही बजावलंत, "संध्याकाळी ही कुत्री घरात दिसता कामा नये." तुम्ही गेल्यावर चंपीचे जुलाब थांबलेच न्हाईत. मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजलं, तेही तिनं ओकून टाकलं. आता रक्त पडायला लागलंय, म्हणून तिला न्हावऱ्याला जनावरांच्या डॉक्टरकडं घेऊन जातेय.

ओसरीवरची घाण राख टाकून उचललीय, फरशी फिनाईलनं पुसलीय. तुमच्या गोधडीलाही लागलं होतं, ती धुऊन तारेवर टाकलीय.

काल जत्रेचा उरलेला रस्सा हाडांसकट तिच्यापुढं तुम्हीच ओतलात. मी नको म्हणत होते, तर म्हणालात, "कुत्र्याला काय हुतंय?" आता तिला झालंय, तर तिलाच बाहेर काढायचं, हे मला पटत न्हाई.

ह्यांची मोटारसायकल नेलीय. घरातल्या बायकांनी ती चालवायची न्हाई, हे मला ठाऊक हाय. पण मला चालवता येते. मागं टोमॅटोचं क्रेट बांधून चंपीला त्यात ठेवलंय. ह्यांना फोन केला, तर म्हणाले, "आधी आप्पांना विचार." मी विचारत न्हाई, सांगून चाललेय.

भाकरी दुरडीत हाय, पिठलं तेवढं गरम करून घ्या. आम्ही दोघी परत येणार आन् ती बरी होईस्तोवर ओसरीवरच झोपणार. ओसरीच्या दाराला आतून कडी घालू नका. घातलीत, तर हाका मारून सगळी वस्ती गोळा करीन.

तुमची सून,
ज्ञानेश्वरी