शारी पडीक नाही

लक्झेंबर्ग, १२ मार्च

प्रिय बाबा,

मी ठणठणीत आहे. फक्त तुमच्या मधाची बरणी तळाला आली आहे.

युरोपचा निसर्गरक्षणाचा नवा कायदा आम्ही भाषांतरकार इंग्रजीतून आपल्या माल्टीजमध्ये आणतो आहोत. तुम्ही मधपेट्या जिथे ठेवता, तसल्या खडकाळ, थाईमच्या सुगंधी झुडपांनी भरलेल्या माळाला माझ्या सहकाऱ्याने, डोरियानने, 'पडीक जमीन' लिहून टाकलं. मी म्हटलं, "पडीक जमिनीचं रक्षण कोण करील? उद्या तिथे इमारत उभी राहील. शारी लिही."

"शारी? बाई, हा तर खेड्यातल्या म्हाताऱ्यांचा शब्द!"

"त्या म्हाताऱ्यांनीच तो माळ राखलाय."

शब्द ठरवणाऱ्या समितीने तो वापरात असल्याचा लेखी पुरावा मागितला. मी तुमची बावीस वर्षांची पोस्टकार्डं टेबलावर ठेवली. प्रत्येकावर तेच: "पेट्या शारीवर नेल्या. फुलोरा चांगला." काल शब्द मंजूर झाला.

आपला धाकटा करमनू अजून ती माळाची जमीन विकायचं म्हणतो का? त्याला हे पत्र वाचून दाखवा. गुडघा कसा आहे? खरं सांगा. यंदा पेट्या न्यायला त्यालाच सोबत घ्या, एकट्याने चढायचं नाही.

आणि पोस्टकार्ड न चुकता टाका. आता तो सरकारी पुरावा आहे.

तुमची,
व्हिटोरिन