राहून गेलेलं ॲट्रोपिन

३ डिसेंबर १९५६, सिरोंचा.
नागपूरचं भूल देण्याचं ट्रेनिंग संपवून दवाखान्यात परतलो. सोबत क्युरारे. थोडं ईथर, थोडं हे, की रुग्णाचं पोट लोण्यासारखं मऊ. या भागात हे जाणणारा मी एकटाच. निश्चय : रोज पहाटे वाचन.

५ डिसेंबर.
वाचन नाही. थंडी. पण नर्स इंदुताईंना समजावलं. क्युरारेनं स्नायू ढिले पडतात. ऑपरेशन संपलं की ते ताळ्यावर आणायला निओस्टिग्मिन. मात्र त्यानं हृदयातले नि लाळग्रंथींतले मस्कारिनिक रिसेप्टरही चेततात. हृदय मंदावतं, लाळ सुटते. म्हणून आधी ॲट्रोपिन द्यायचं. इंदुताई म्हणाल्या, "सोपं तर आहे." जरा राग आला. चांद्याच्या डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये यावरच भाषण देणार.

११ डिसेंबर.
अस्वलानं पोट फाडलेला लच्छू. टाके मोठ्या डॉक्टरांचे, भूल माझी. पोट इतकं मऊ, की मोठे डॉक्टर वाहवा म्हणाले. त्या आनंदात मनात भाषणाचं पहिलं वाक्य जुळवत निओस्टिग्मिन दिलं. ॲट्रोपिन राहिलं.
तोंडातून लाळेची धार. नाडी मंद, मग बोटाला लागेचना. ॲट्रोपिन टोचलं, ऑक्सिजनची पिशवी दाबत राहिलो. नाडी परतली.
बाहेर त्याची बायको सोनीबाई पाया पडली. म्हणाली, "तुमीच जीव देल्ला त्याले." मी तिला उठवलं.

१२ डिसेंबर.
विचारांती चूक म्हणता येत नाही. उजेड कमी होता. लच्छूची प्रकृतीही नाजूक असणार. (अस्वलाशी झोंबला, ते वेगळं.) इंदुताईंनी आज ॲट्रोपिनची बाटली ट्रेमध्ये सगळ्यात पुढे ठेवली, तेच खटकतं. उद्या सोनीबाईला खरं सांगणार.

१४ डिसेंबर.
सांगितलं नाही. ती जेवत होती. जेवणाऱ्या माणसाला असलं काही सांगू नये.

२३ डिसेंबर.
लच्छू चालत घरी गेला. सोनीबाईनं पिशवीभर मोहफुलं दिली. नाही म्हटलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं.

८ जानेवारी १९५७, चांदा.
भाषण झालं. लच्छूला 'औषधाला विशेष संवेदनशील रुग्ण' म्हटलं. टाळ्या. एका वयस्क डॉक्टरांनी विचारलं, ॲट्रोपिन दिलं होतं ना? दिलं होतं, म्हणालो. तसं खोटं नाही, नंतर दिलंच. जेवण गेलं नाही.

२ फेब्रुवारी, सिरोंचा.
सोनीबाई नणंदेला, मंगलीला, घेऊन आली. पोटात गाठ. मोठे डॉक्टर तयार. मंगलीची अट एकच : "ज्यानं माह्या भावाले वाचवलं, त्याच्याच हातची सुई पाहिजे."
सिरिंज हातात धरून पाहिली. परत डब्यात ठेवली. फार थंड लागली. क्युरारे संपलं, चांद्याला जा, असं सांगितलं. तिच्याच भल्यासाठी.

३ फेब्रुवारी.
चांद्याची गाडी गेली. मंगली व्हरांड्यात पथारी टाकून पडली आहे. का गेली नाहीस, विचारलं. म्हणाली, "दुसऱ्या डॉक्टराचं मले भेव वाटते. तुमची दवा येतपर्यंत इथीच थांबतो."
क्युरारे कपाटात आहे. तिचं कण्हणं माझ्या टेबलापर्यंत ऐकू येतं.