तिरप्या पडद्यांची गिटार अन् बाबाचा बेंजो

बाबा, रातभर माहा डोया लागला नाही. लेकरू रडलं म्हणून नाही, ते तं मस्त झोपलं. मी काल दादाशी खोटं बोलली म्हणून. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं आवाज देला, "ताई, काटोलवरून तुमच्या भावाचा फोन." दादा म्हणे, "रविवारी येतो अन् बाबाचा बेंजो घेऊन जातो. घर बांधून झालं. समोरच्या खोलीत बाबाच्या फोटोखाली लावतो. नीट आहे ना वं?" अन् मी म्हटलं, "आहे." तो माह्यापाशी नाही बाबा. मी तो देऊन गिटार घेतली.

तू गेला तवा मी बारा वर्षांची होती. आता माहं सात महिन्यांचं लेकरू आहे. लोकायचे ब्लाऊज शिवते, अन् आपल्या वस्तीतल्या बायांची भीमगीताची पार्टी आहे, तिच्यात गिटार वाजवते. शिकवलं कोणीच नाही. तुहा बेंजो लावता लावता जे कानात बसलं, तेच. तुह्या कानाचं मी कोणाले सांगितलं नाही, आजपर्यंत नाही. कापडाच्या मिलमधल्या मागांच्या खडखडाटानं तुहे कान खाल्ले होते. बारीक तारांचा आवाज तुले येतच नव्हता. तू ज्या गाण्याच्या पार्टीत वाजवायचा, त्या पार्टीवाल्यायले समजलं असतं तं त्यायनं तुले काढलं असतं. म्हणून तू मले संगं न्यायचा. मी फ्राकवर तुह्या समोर बसायची. मिलमध्ये आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून तुम्ही लोक हातानं बोलायचे, ते हात तू मले शिकवले होते. अंगठा वर म्हणजे ताण, तळवा खाली म्हणजे ढील दे, मूठ म्हणजे झालं. लोकायले वाटे, पोरगी खेळून राहिली.

अन् एकदा कामठीच्या कार्यक्रमात मले झोप येऊन राहिली होती. तार लागली नव्हती तरी मी मूठ दाखवली. तू तासभर बेसूर वाजवला. समोरचे पोट्टे शिट्ट्या मारून राहिले, अन् तुले वाटे ते खुश आहेत. तू हासून राहिला होता. घरी आल्यावर आईनं तुले सांगितलं. तू चुलीपाशी बसला होता, भाकर तशीच ताटात. मले हात लावला नाही. इतकंच म्हणला, "माहे कान गेले म्हणून तुहे घेतो. तूच खोटं बोलली तं मी कोणाले विचारू वं?" मार परवडला असता बाबा.

महाल मोहल्ल्यात तो मिस्त्री अजून आहे, सतारी अन् तानपुरे दुरुस्त करते तो. तुहा बेंजो त्याच्याच हातचा. मी तारा घ्याले गेली तं कोपऱ्यात ही गिटार टांगली होती. वर डोकंच नाही. जिथं खुंट्या राहतात तिथं दांडी सरळ कापल्यासारखी, अन् खुंट्या खाली पोटापाशी. तारा सहाच्या जागी आठ. अन् पडदे, म्हणजे ज्या पट्ट्यांवर बोट दाबतो त्या, सगळ्या तिरप्या, हातपंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या. एका ऑर्केस्ट्रावाल्यानं फॉरेनच्या पुस्तकातला फोटो आणून बिनडोक्याची गिटार बनवाले सांगितली होती. आठ तारा अन् तिरपे पडदे हे मिस्त्रीनं सोताच्या मनानं केलं. म्हणे, "जाड तारेले लांबी जास्त लागते, बारीक तारेले कमी. मंग पडदे सरळ काहून ठेवाचे?" ऑर्केस्ट्रावाला पाहून पयाला, तो पुन्हा आलाच नाही. दुकानात दोन गिटारवाले उभे होते. एक जण मले म्हणे, "बाई, हात नोको लावू. मिस्त्रीनं दारू पिऊन पडदे ठोकले." दोघंही हासले.

मी लेकराले ओट्यावर बसवलं, गिटार मांडीवर घेतली अन् डोये मिटून एक एक पडदा दाबून पाहिला. आठही तारा. एकही बेसूर नाही बाबा. एकही नाही! माह्या जुन्या गिटारीची जाड तार वरच्या पडद्यांवर गेली का घोगरी होते, ही होत नव्हती. मी म्हटलं, "भाऊ, बरोबर आहे ही." मिस्त्रीनं हातातलं काम खाली ठेवलं. मंग म्हणे, "तीन साल झाले. जो आला त्यानं डोये लावले, कान कोणीच नाही लावला. कोणाची पोरगी वं तू?" मी तुहं नाव सांगितलं. ते सांगताना माही मान कशी ताठ झाली होती, तू पाहाले पाहिजे होतं.

त्यानं पैसे मांगितले नाही. तुहा बेंजो मांगितला. म्हणे, तसा आवाज मले पुन्हा जमला नाही, आतून खोलून माप घेतो. जुनं लाकूड आहे, खोलल्यावर पुन्हा तसाच बसन याची गॅरंटी नाही. पंधरा दिवस खोलत नाही, तोपर्यंत वाजवून पाय, नाही पटली तं आपला बेंजो घेऊन जा. मी दुसऱ्याच दिवशी नेऊन देला. दादाले विचारलं नाही. विचाराले पाहिजे होतं, पण तो नाही म्हणला असता. त्याले वाजवता येत नाही, पण त्याच्यासाठी तो बेंजो म्हणजे तूच आहे.

गिटार घरी आणली तं सासू म्हणे, "तिले डोकं नाही, अन् घेणारीलेही नाही." मी म्हटलं, "आत्याबाई, डोकं नाही म्हणून तं पाळण्याले लागत नाही." तिले हासू आलं, पण तिनं पदर लावला तोंडाले. मागच्या आठवड्यात खापा गावाले कार्यक्रम होता. माईकवाला म्हणे, "अर्धी घरी राहिली काय बाई?" मी वायर जोडली. अंगठ्यानं जाड तारांवर खालचा सूर धरला, बाकीच्या बोटांनी बारीक तारांवर चाल. दोन माणसांचं मी एकटीनं वाजवलं बाबा. आमची गाणारी बाई कडवं सोडून माह्याकडंच पाहाले लागली. माईकवाला उठून स्टेजच्या मागं जाऊन आला, तिथं कोणी दुसरं वाजवून राहिलं काय म्हणून. लेकरू एका म्हातारीच्या मांडीवर होतं, ते टकमक पाहून राहिलं होतं. मले आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, मी कोणी आहे.

आज पंधरावा दिवस. दुपारी मिस्त्री बेंजो खोलन. सकाळी लेकराले कडेवर घेतलं, गिटार चादरीत गुंडाळली, गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. रिक्षावाला थांबला होता. अन् मी परत आली. मले ती द्यायची नाही. चुकलं असन तं चुकलं, पण द्यायची नाही. भेव मले दादाचं आहे. आई गेल्यावर माहेर म्हणजे तोच. सणाले तोच बसनं येते, संत्र्याची थैली घेऊन. त्यानं बोलणं टाकलं तं मले मागं कोणी नाही, अन् या लेकराले मामा नाही. काल संध्याकाळी त्याले फोन लावाले तीनदा किराणावाल्याकडं गेली. एकदा मीठ घेऊन आली, एकदा काडीपेटी, एकदा पुन्हा मीठ.

चौथी शिकलेल्या बाईनं इतकं लिहिलं, हात दुखून राहिला. ब्लाऊजच्या मापाच्या वहीत लिहिलं, ते तुह्यापर्यंत पोचत नाही, माहीत आहे मले. वही मशीनवर उघडीच ठेवते. सासूले वाचता येत नाही, पण लेकराचे बाबा ड्युटीवरून येतील, नाही तं शिवाले टाकणारी कोणी येईन. जो कोणी हे वाचन, त्यानं माह्या दादाले काटोलच्या एसटी डेपोत फोन लावावा, तो तिथंच कामाले आहे. पहिले हे सांगा का बहीण "आहे" म्हणली ते खोटं होतं. मंग सांगा, बेंजो कोणी नेला नाही, तिनं सोताच्या हातानं देला. अन् म्हणा, रविवारी तरी ये, ती वाजवून दाखवते. मी सोता लावला असता फोन. पण त्याचा आवाज ऐकला का मी पुन्हा "आहे"च म्हणीन.