एकशे बारा ‘म्हणे’

मी, वर्षाराणी आकाराम चौगले, वय ४६, लेखिका, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, पुढच्या आठवड्यातील शस्त्रक्रियेपूर्वी हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. राग आहे, पण त्याला दबाव समजू नये.

१. राहता फ्लॅट व बँकेतील शिल्लक भाची तेजस्वी हिला. रोजनिश्याही तिलाच. त्यांत तिच्याबद्दल दोन ठिकाणी वाईट लिहिले आहे; त्यांपैकी एका ठिकाणी चूक माझी होती.

२. ‘दगडातला नाद’ या माझ्या पुस्तकाचे सर्व हक्क मेहमुदा हिला. तिने हस्तलिखित टाइप केले आणि मूळ फाइल जपून ठेवली. कारण लिहिणे भाग आहे.

आजऱ्याजवळ माझ्या मावशीच्या, आक्काच्या, बांधावर एक दगड होता. ठोकला की घंटेसारखा वाजे. नाद दगडात असतो की ऐकणाऱ्यात, एवढाच माझा प्रश्न होता. आक्का म्हणाली, “गिरानात आपसूक वाजतोय म्हणं.”

“तू ऐकलायस?”

“मी कुठला ऐकतो? म्हणत्यात.”

‘ग्रहणात आपोआप वाजतो म्हणे,’ असे मी तसेच लिहिले. प्रकाशक उदयसिंह यांनी पुस्तकातले एकशे बारा ‘म्हणे’ काढून टाकले. “मॅडम, म्हणे-बिणे असलं तर कोण घेणार पुस्तक? वाचकाला ठाम पायजे की!”

२०२२च्या दिवाळीत सूर्यग्रहणाला गाड्या भरून माणसे आली, हातात माझे पुस्तक. दगड वाजला नाही. आत काय आहे ते बघायला कोणीतरी पहार घातली. दगड दुभंगला. ‘कोणीतरी’ लिहिले, कारण नाव मला माहीत नाही.

आक्काला वाचता येत नाही. तिने ते पान शेजारणीकडून वाचून घेतले आणि फोन केला. “वर्षे, माझं ‘म्हणं’ कुठं गेलं गं?”

मी अजून उत्तर दिलेले नाही. आक्का एक्क्याऐंशी वर्षांची आहे. मेहमुदाने सगळे ‘म्हणे’ परत घालून पुस्तक छापावे आणि पहिली प्रत आजऱ्याला नेऊन ते पान तिला वाचून दाखवावे. तिची वाट बघण्याची ताकद गृहीत धरू नये.

३. उदयसिंह यांचा करार दोन आवृत्त्यांपुरता होता. परवा ते इस्पितळात आले, शहाळे घेऊन. “तिसरी काढूया. कव्हरवर फुटका दगड घालू, काय?” त्यांना तिसरी मिळू नये. त्यांच्यासाठी एकशे बारा चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर एकच शब्द आहे. पाकीट हातात द्यावे, पोहोच घ्यावी.

४. कपाटातला दगडाचा तुकडा मी न विचारता उचलून आणला. तो बांधावर परत ठेवावा. वाजत नाही.

५. शेवटच्या प्रुफावर माझी सही आहे. कोणी जबरदस्ती केली नव्हती. ‘म्हणे’ गेल्यावर मी विदुषी वाटत होते, आणि ते मला आवडले. राग कोणाच्या नावे करता येत नाही, असे वकील सांगतात. म्हणून निम्मा माझ्याकडेच ठेवते. ते प्रूफ, सहीसकट, नव्या आवृत्तीच्या पहिल्या पानावर छापावे.

वरील सर्व मी पाहिले आहे, केले आहे. इथे ‘म्हणे’ नाही.

सही/-
वर्षाराणी आकाराम चौगले

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
१. कृष्णात लाड, शेजारी (सही)
२. स्वप्नाली खाडे, परिचारिका (सही)

कोल्हापूर, दि. २२ सप्टेंबर २०२५