पांढरट पडलेला पाचू

३ नोव्हेंबर १९७४

पाचू बदलला आहे! काल दिवाळीसाठी घरातलं सगळं सोनं रिठ्याच्या पाण्यात सोडा घालून उकळलं. आज पुसायला घेतलं, तर आईची अंगठी बघून हात थांबला. भोवतीचे आठ हिरे तेच – जुन्या हातानं पैलू पाडलेले, एकासारखा दुसरा नाही. मधला खडा मात्र फिकट, पांढरट, आत भेगाच भेगा. वडिलांनी हैदराबादहून आणलेला पाचू हिरवागार होता. मी आंधळी नाही.

अंगठी लग्नात सुनेला, महादेवीला दिली. गेल्या महिन्यात महादेवी ती सैल करायला माणिकराव सोनाराकडे गेली होती. एकटी. मला न विचारता!

४ नोव्हेंबर

सरळ विचारलं. आडून बोलणं मला जमत नाही.

"खडा कुठंय?"

"कोणता खडा, आत्याबाई?"

"तुझ्या भावानं जिंतूरला दुकान टाकलं. कशाच्या जिवावर?"

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "दोन वर्षं तुमचं समदं ऐकून घेतलं. आता चोर बी ठरले."

शिवाप्पा ओरडला – "आई, बस कर!" पोटचा मुलगा! तीस वर्षं शाळेत मुली शिकवल्या. खोटं बोलणारी मला चेहऱ्यावरून कळते.

५ नोव्हेंबर

महादेवी सकाळच्या एस.टी.नं माहेरी गेली. शिवाप्पा तिला स्टँडवर सोडून आला. जेवला नाही. न जेवो!

७ नोव्हेंबर

माणिकरावाच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं बसली होती, बसू देत. "तुम्ही खडा बदललात," म्हटलं.

म्हाताऱ्यानं भिंग लावलं. घाई नाही, राग नाही. मग विचारलं, "बाई, उकळत्या पाण्यात टाकली होती का वो?"

"टाकली. मीच."

"मग मला कामून बोलायलाव? खडा तोच हाय. पाचूच्या पोटात भेगा जन्मापासूनच असत्यात. त्यात तेल मुरवलेलं असतंय, म्हणून दिसत न्हाईत. तुमच्या सोड्यानं तेल गेलं. हिऱ्याला काही होत न्हाई, पाचूला सोसत न्हाई."

एक गिऱ्हाईक हसलं.

अंगठी त्यानं तेलात ठेवून घेतली. म्हणे, रंग येईल. पहिल्यासारखा येईलच असं नाही.

आई ही अंगठी कधी पाण्यात घालायची नाही. कापसाच्या बोळ्यानं तिळाचं तेल लावायची. मी, कॉलेजात शिकलेली, त्याला खूळ म्हणायची. पण कारण सांगायला काय झालं होतं तिला? एक शब्द बोलली असती तर!

८ नोव्हेंबर

शिवाप्पाला सांगितलं. तो नुसता "बरं" म्हणाला. बरं!!

९ नोव्हेंबर

महादेवीला तीन पत्रं लिहिली. तिन्ही फाडली. प्रत्येकात मी तिलाच समजावत होते.

१० नोव्हेंबर

जिंतूरला जाऊन आले. दारात व्याही, गुरुसिद्धप्पा. "या विहीणबाई. झडती घ्यायला आलाव का?" गिळलं. सगळ्यांसमोर मी म्हणाले – "चूक माझी. महादेवीनं काही केलेलं नाही." आवाज चढाच लागला, माझा तसाच लागतो.

महादेवीनं पाणी दिलं, भाकरी वाढली. निघताना अंगठीचं सांगितलं – "रंग आला की तुझी तुला देते." ती म्हणाली, "नको, आत्याबाई. तुमच्याजवळच असू द्या."

आणखी काय करायला हवं होतं मी? पाय धरायचे होते का?

१९ नोव्हेंबर

दिवाळी गेली. ती आली नाही.

आज शिवाप्पाच्या बदलीचा हुकूम आला – जिंतूर कचेरी. माझा तोल गेला. "माफी मागून आले ना मी! एका अंगठीपायी आईला सोडायलास?"

तो उठून आत गेला. आतून बदलीच्या अर्जाची नक्कल आणून माझ्यासमोर ठेवली आणि बाहेर गेला.

अर्जावर तारीख आहे २ सप्टेंबर.

अंगठी तेव्हा महादेवीच्या बोटात होती. हिरवीगार.