माझे दोन कावळे

२ नोव्हेंबर, रविवार. पहाटे ५
उठलो! आजपासून नवं आयुष्य. १३ डिसेंबरला माझं आणि रंगनाथचं प्रदर्शन. रंगनाथ दुसऱ्या शाळेत चित्रकलाच शिकवतो, माझा जुना जिवलग. हॉल बुक केला, भिंती वाटून घेतल्या. मोठी भिंत माझी, कारण माझा आवाकाच मोठा. रोज पहाटे पेंटिंग, मग शाळा. नोकरी आणि कलेचा बॅलन्स जमत नाही म्हणणारे आळशी असतात.
५.२०. थंडी फार आहे. जरा पडतो.

५ नोव्हेंबर
पेंटिंग नाही. बाल्कनीतल्या माझ्या स्टुडिओत मंजुषाने कपड्यांचा स्टँड उघडून ठेवलाय. विचारलं, तर म्हणे दिवाळीच्या आधीपासून तुम्ही तिकडे फिरकला नाहीत, मला वाटलं सुटलं ते खूळ. खूळ! सख्ख्या बायकोने म्हणावं!

१४ नोव्हेंबर
गॅदरिंगचा पडदा कोण रंगवणार, असं हेडबाईंनी स्टाफरूममध्ये विचारलं. सगळे टेबलाखाली बघत बसले. माझा हात आपोआप वर गेला. किल्ला हवाय, मागे उगवता सूर्य. ही शाळा माझ्या कलेचा बळी घेणार.

२१ नोव्हेंबर
आठवीतल्या छायाने चित्र दाखवायला आणलं. मखमलाबादला त्यांचं झेंडूचं वावर आहे. त्यात फुलं तोडणारी तिची आई, पाठमोरी. ठीक होतं, पण आकाश मोकळं. मोकळी जागा मला बघवत नाही. ब्रश घेतला आणि हात मारला. दोन कावळे! चित्र एकदम बोलायला लागलं. हात मारल्याशिवाय मी कुठल्या पोराचं चित्र सोडत नाही, त्यालाच शिकवणं म्हणतात. छाया कावळ्यांकडे बघतच राहिली. भारावली असेल. घरी नेऊन वाळव आणि सोमवारी जमा कर म्हटलं.
संध्याकाळी पेंटिंगला बसणार होतो. पण हात थकला.

३० नोव्हेंबर
रंगनाथच्या घरी गेलो. हॉलभर चित्रं, भिंतीला टेकवून तयार! रोज मधल्या सुट्टीत थोडं थोडं केलं म्हणे. मला एका शब्दाने बोलला नाही. मी इकडे डबा खात बसलो आणि हा माझ्या पाठीत सुरा खुपसत होता. तुझी कुठवर आली, विचारलं. फ्रेमिंगला गेलीत म्हणालो.

९ डिसेंबर
माझी तीन आहेत. दोन जुनी, एक अर्धं. रंगनाथ म्हणे थोडी भिंत मला दे. मेलो तरी देणार नाही!
शाळेतलं कपाट उघडलं. छायाचं चित्र वरच होतं. विचार केला, ज्यावर माझा हात फिरला ते माझंच की. चष्मा घरी राहिला होता, पण स्वतःचा हात ओळखायला चष्मा कशाला? थेट फ्रेमवाल्याकडे. नाव दिलं 'प्रतीक्षा'.
मोठ्या भिंतीवर चार चित्रं. याला मोकळी मांडणी म्हणतात.

१३ डिसेंबर
गर्दी रंगनाथकडे. पण 'प्रतीक्षा'पुढे लोक थबकतात! मी चित्राकडे पाठ करून उभा राहतो, फळ्यापुढची सवय. चष्मा खिशात, फोटोत बरा दिसत नाही. सांगतो, हे दोन कावळे म्हणजे त्या माउलीच्या मनातली काळजी. एक बाई तर डोळे पुसत होत्या. शेवटी नाशिकला मी कळलो.

१४ डिसेंबर
हॉलच्या तोरणासाठी रंगनाथने झेंडू मागवला. कुणाकडून? छायाच्या आईकडून, कुसाबाईंकडून! घात केला मेल्याने.
कुसाबाई छायाला घेऊन आल्या. चित्र बघून तोंडावर पदर धरला. म्हणे, आमच्या छायाचं चित्र सरांनी येवढ्या मोठ्या हालात लावलं, लय मोठं मन हाय सरांचं. आणि हार माझ्याच गळ्यात घातला.
छाया खालची पाटी वाचत होती. तिच्यावर माझं नाव. पुन्हा वाचली. मग हळूच विचारलं, सर, यात तुमचं काय आहे?
कावळे, म्हणालो.
ते तर त्याच दिवशी घरी जाऊन झाकून टाकले, म्हणाली. फुलं तोडताना आईच्या डोक्यावर कावळे नको वाटले.
चष्मा लावला. वळलो. आकाश मोकळं.
कालपासून किती जणांना मी त्या कावळ्यांचा अर्थ समजावला! झाडून सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानेही सांगितलं नाही. या गावात माणसाने विश्वास ठेवावा तरी कुणावर?