ओळीच्या शेवटची मोकळी जागा

बाबा,

आज सॅक्सोफोनची एक चावी पुन्हा सैल पडली. दाबली की खाली बसायची, वर यायचं नावच नाही. रायपूर राजधानी झालं, विमानतळाच्या रस्त्यावर काचेची हॉटेलं उभी राहिली, पण फुंकायचं वाद्य दुरुस्त करणारा माणूस इथे अजून सापडत नाही. मग तुम्ही करायचात तेच केलं. आईच्या शिवणाच्या डब्यातून सुई काढली, तोडली आणि पकडीने स्प्रिंगच्या जागी बसवली. चावी टुणकन वर आली. आई पलंगावरून म्हणाली, "माह्या अर्ध्या सुया बापानं नेल्या, आता लेक नेऊन राहिली." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण सुयांचा राग ताजाच आहे. मी हसले, आणि हसता हसता तुमची अशी काही आठवण आली की दुसरं काही सुचेना. म्हणून लिहायला बसले.

माझं काम तुम्ही पाहिलंच नाही. सकाळी आधी एकच सूर लांब धरायचा, ओठ दुखेपर्यंत. मग रीड, तोंडाशी लागणारी वेताची पट्टी, पाण्यात भिजवायची. वाटी तुमचीच, पितळेची. आई अजूनही त्या वाटीत काही वाढत नाही. संध्याकाळी इस्त्रीची साडी नेसून, स्कूटीवर पायांशी सॅक्सोफोनची पेटी उभी धरून मी हॉटेलात जाते. लॉबीत एसी असा की वाद्य गार पडतं आणि सूर उतरतो. लोक खोलीच्या चाव्या घेतात, फोनवर सिमेंट-सळईचे सौदे करतात, आणि मॅनेजर येऊन सांगतो, "मॅडम, थोड़ा धीरे." बाहेर बोर्डावर जॅझ लिहिलंय, ते तिथे शोभतं; आत फर्माइश सिनेमाच्या गाण्यांचीच. मी मुखडा सरळ वाजवते आणि दुसऱ्या फेरीत माझ्या वाटेने निघते, त्या घडीला सुचेल तशी; जॅझ म्हणजे तेच. कुणाच्या लक्षातही येत नाही. पहिल्या दिवशी तुमची क्लॅरिनेट घेऊन गेले होते. मॅनेजर म्हणाला, "ये तो बारात वाला है." म्हणून सॅक्सोफोन आला. त्या वाक्याचा मला अजून राग येतो, कारण त्यांच्या बोर्डावर जे लिहिलंय ते मी बारातवाल्याकडूनच शिकले.

समता कॉलोनीतलं ते स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही रेल्वेतली ड्यूटी करून आलेले, ओट्याजवळ पाटावर बसून क्लॅरिनेट जोडताय. मी पोळ्या लाटतेय. तुम्ही एक ओळ वाजवता आणि शेवटचा तुकडा तसाच मोकळा सोडता, माझ्याकडे बघत. तो मी तोंडाने पुरा करायचा, गुणगुणून नाहीतर शिट्टीने. "थांबून काहून राहिली? सवाल मी टाकला, जवाब तुले द्यायचा आहे." मी देते. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा पुन्हा दिला की तुमच्या कपाळाला आठी. "हे तं कालचंच दिलं. कालची भाजी वाढून राहिली का मले?" मी रडवेली व्हायची. पोळी करपायची, आणि तीही तुम्ही मुकाट्याने खायचात.

आणि सदर बाजारातली ती वरात. लग्नसराईत तुम्ही बँडमध्ये वाजवायचात. आई आणि मी ओळखीच्या सोनाराच्या गॅलरीत उभ्या होतो. स्कूटरी, हातगाड्या आणि समोरून आलेली दुसरी वरात, सगळं अडकलं. नवरदेव घोड्यावर घामाघूम. वरात अडकली तरी बँड थांबत नाही, हा तुमचा कायदा. गाणं संपलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा संपलं. मग तुम्ही ते फिरवायला लागलात, कधी हळू, कधी वाकडं, ओळखू येईल न येईल असं. आणि ओळीच्या शेवटी जागा मोकळी सोडून वर गॅलरीकडे पाहिलंत. मी भर बाजारात शिट्टीने जवाब दिला. आईने असा चिमटा काढला की हात काळानिळा झाला. तुम्ही खालून हसत होतात आणि पुढची ओळ वाजवत होतात. त्या दिवसाइतकी खूश मी नंतर क्वचितच झाले असेन.

तुम्ही गेल्यावरही माझ्या ओळींच्या शेवटी ती जागा राहिलीच. हॉटेलात माझ्या साथीला असलेले आधीचे कीबोर्डवाले तिथे नुसता सूर धरून ठेवायचे. यंदा नवी कीबोर्डवाली आली आहे, आपल्यासारख्याच इथल्या मराठी घरातली, लेकराला सासूकडे ठेवून येते. मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. पहिल्याच संध्याकाळी तिने त्या जागेत बोटं घातली. मी तिला बाजूला घेऊन तोडून बोलले, "ती जागा मोकळी ठेवायची." ती म्हणाली, "क्यों दीदी? कोई आने वाला है क्या?"

मी पुढचं गाणं सुरू केलं. पुढे बरेच दिवस ती त्या जागी हात मांडीवर ठेवून बसायची. शहाण्या मुलीसारखी. आणि मला पहिल्यांदाच कळलं की तिथे काहीच वाजत नाहीये. तुम्हीसुद्धा नाही. इतके दिवस मला तिथे तुमचं वाजवणं ऐकू यायचं, बाबा, खरंच यायचं. ते गेल्यावर मी घाबरले. जे सांभाळत होते ते मीच मारून टाकलं असं वाटलं. एका संध्याकाळी ओळ वाजवून झाली आणि मी तिच्याकडे बघून मान हलवली, वाजव. तिने वाजवलं. चांगलं वाजवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मान हलवली, तर तिने तोच तुकडा दिला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कालची भाजी वाढून राहिली का मले?"

ती दचकली, मग खळखळून हसली. "हव दीदी, ताज़ी बनाती हूँ." मॅनेजर लांबून बोट ओठावर ठेवत होता. मी तोंड फिरवून डोळे पुसले. तुमचा आवाज माझ्या गळ्यात होता, आणि मी तो इतकी वर्षं समोर शोधत होते.

हे पत्र कुठे टाकणार? सुयांच्या डब्यात ठेवीन. आईला सापडलं तर तेवढीच एक शिवी तुम्हाला जास्त. एक मात्र सांगते. हल्ली सगळ्या जागा तिलाच देते. शेवटच्या गाण्याची शेवटची ओळ वाजली की मात्र मी मान हलवत नाही. तीही विचारत नाही, हात मांडीवर ठेवते. तिथे काही वाजत नाही हे मला माहीत आहे. तरी मी थोडी थांबते, गॅलरीत उभी असल्यासारखी, आणि मग वाद्य पुसायला घेते.